फुलाआधी पान पाहा



आज आपण फुलझाडांबद्दल बोलणार आहोत. देवाला वाहायच्या किंवा बाजारात न्यायच्या फुलांचा विषय पुन्हा कधीतरी घेऊ. आजचा विषय आहे, ज्यांच्यावर पाखरं आणि फुलपाखरं येतात आणि जी आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात टिकतात, अशी झाडं कशी निवडायची.

गटाच्या बैठकीत हा विषय काढला की एखादी ताई लगेच म्हणते, "अहो, इथं प्यायच्या पाण्याची मारामार, आणि फुलझाडं कुठली लावता?" तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे. भातसा, तानसा ही मोठी धरणं आपल्या शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. मुरबाडची गावं असोत, अंबरनाथची असोत, नाहीतर कल्याण-डोंबिवलीला लागून असलेली सत्तावीस गावं असोत, उन्हाळ्यात हंडा उचलणारं डोकं बाईचंच असतं.

आता एक साधा हिशोब करू. रोपवाटिकेतून आणलेल्या नाजूक फुलझाडाला उन्हाळ्यात रोज दोन लिटर पाणी घातलं, आणि अशी दहा झाडं असली, तर रोजचे वीस लिटर झाले. म्हणजे एक मोठा हंडा झाला. तो हंडा कोण आणणार, हे सांगायला नको. म्हणून आजच्या बोलण्याला आम्ही एक अट घालून घेतली आहे. पहिल्या वर्षानंतर ज्या झाडासाठी वेगळा हंडा भरावा लागेल, ते झाड आपल्या यादीत नाही.

मग मुळात ही झाडं लावायचीच कशाला? हौस हे एक कारण आहेच, आणि बाईच्या हौसेला कमी लेखायचं कारण नाही. पण आणखीही एक कारण आहे. तुमच्या मांडवावरचा दुधी, दोडका, काकडी, भोपळा आठवा. या वेलींवर नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं असतं. नर फुलातला पराग मादी फुलापर्यंत कुणीतरी न्यावा लागतो. भोपळ्या-काकडीकडे सकाळी मधमाश्या येतात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्याच्याकडे रात्री उडणारे पतंगही येतात. कुणीच आलं नाही, तर बोटभर लांबीचं फळ पिवळं पडून गळून जातं. आपण म्हणतो, वेलाला नजर लागली. खरं तर वेलाकडे पाहुणाच आलेला नसतो. फुलपाखरांसाठी लावलेल्या झाडावर मधमाश्याही येतात, भुंगेही येतात, आणि त्यातले काही आपल्या मांडवावरही जातात.

ऊन सोसणारं झाड कसं ओळखायचं?

मुंबईला समुद्राचा वारा लवकर मिळतो. आपल्याकडे कल्याण, बदलापूर, मुरबाडच्या पट्ट्यात तो पोहोचेपर्यंत उशीर होतो. म्हणून मुंबईत पारा ३४-३५ वर असतो त्या दिवशी आपल्याकडे तो ४० च्या वर गेलेला असतो. डोंबिवली-ठाण्यात काँक्रीट तापतं, आणि गावात कातळ आणि पत्रे तापतात. अशा ठिकाणी कोणतं झाड जगेल हे ओळखायला पुस्तक लागत नाही. झाडाकडे नीट बघितलं तरी कळतं.

काही झाडं उन्हाळ्यात पानंच टाकून देतात. पाणी पानांतून उडून जातं, म्हणून पानंच नकोत. पळस, पांगारा, काटेसावर ही झाडं अशी. ती निष्पर्ण होतात आणि नेमकी तेव्हाच फुलतात. काही झाडं पानाला मेण चोपडतात. रुईचं पान बोटानं पुसून बघा, पांढरी पूड हाताला लागते. कण्हेरीचं पान चिवट आणि चकचकीत असतं, आणि त्याची श्वास घ्यायची छिद्रं पानाच्या मागच्या बाजूला खोल खळग्यांत दडलेली असतात. पानफुटी आपल्या जाड पानात पाणी साठवते आणि आपली छिद्रं मुख्यतः रात्री उघडते, म्हणजे दिवसाच्या उन्हात पाणी उडत नाही. बहावा, करंज यांची मुळं खोल जातात.

तेव्हा रोप घेताना पानाला हात लावून बघा. पान जाड, चिवट, मेणचट किंवा लहान असेल, नाहीतर झाड उन्हाळ्यात पान गाळणारं असेल, तर ते आपल्या उन्हाला टिकेल असं समजायला हरकत नाही. पान पातळ, मऊ, मोठं आणि दुपारी लगेच मान टाकणारं असेल, तर ते रोज पाणी मागणार.

फुलपाखराला आधी पान लागतं

आता आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फुलपाखरू फुलावर येतं ते मध प्यायला. पण अंडी घालायला त्याला पान लागतं, आणि तेही ठरावीक झाडाचंच. प्रत्येक जातीची अळी ठरलेल्या झाडांचीच पानं खाते. दुसऱ्या झाडावर ती उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही. म्हणून नुसती रंगीत फुलं लावली, तर फुलपाखरू येतं, मध पितं आणि निघून जातं. पान मिळालं, तर ते तिथंच घर करतं.

आणि ही पानं आपल्या दारात आधीपासूनच असतात. कढीपत्ता आणि लिंबू घ्या. पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचं लिंबावरचं फुलपाखरू आणि मोठं काळं, मागच्या पंखाला शेपटी असलेलं फुलपाखरू यांच्या अळ्या या दोन झाडांवर वाढतात. लहान असताना अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पाखराला ती खावीशी वाटत नाही. मोठी झाली की हिरवी होते. तिला डिवचलं, तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. घाबरू नका, ती चावत नाही. २०१५ साली महाराष्ट्रानं निळ्या-काळ्या रंगाच्या मोठ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. तेव्हा असं करणारं आपलं पहिलं राज्य होतं. राणी पाकोळी किंवा नीलवंत म्हणतात त्याला. त्याची अळीही लिंबाच्याच कुळातली पानं खाते, आणि येऊरच्या रानात ते आजही दिसतं.

पानफुटीच्या जाड पानावर काळ्या-पांढऱ्या-केशरी रंगाचं एक लहानसं फुलपाखरू अंडं घालतं. त्याची अळी पानाच्या आत शिरून आतला गर खाते. रुईवर केशरी पंखांचं, टोकाला काळं-पांढरं असलेलं फुलपाखरू वाढतं. रुईचा चीक अळीच्या अंगात भिनतो आणि त्यामुळे पक्षी तिला टाळतात. बहाव्यावर आणि टाकळ्यावर फिकट पिवळी-हिरवट फुलपाखरं वाढतात. पहिल्या पावसानंतर उगवणारा टाकळा आपण कोवळा असताना भाजीला खुडतो. थोडा कुंपणाकडेला राहू द्या, जून झाला की तो त्यांचा. घोळीची भाजी, एरंड, कोरांटी, चित्रक, कृष्णकमळ, सोनचाफा, या प्रत्येकावर वाढणारं कुठलं ना कुठलं फुलपाखरू आहे.

पक्ष्यांचंही असंच आहे. जास्वंदीवर येणारा शिंजीर, म्हणजे ती वाकड्या चोचीची चिमुकली चिमणी, स्वतः मध पितो. पण पिल्लांना तो कोळी आणि किडे भरवतो. चिमणी दाणे टिपते, तरी तिच्या पिल्लांना अळ्याच लागतात. म्हणजे पानावर अळी नसेल, तर घरट्यातलं पिल्लू वाढायचं नाही. तेव्हा मैत्रिणींनो, पानाला भोकं पडली म्हणून लगेच फवारणीचा पंप काढू नका. कढीपत्त्याचं रोप अगदीच लहान असेल, तर त्यावरच्या अळ्या अलगद उचलून मोठ्या झाडावर ठेवा. मोठं झाड चार पानं गेल्यानं मरत नाही, पुन्हा फुटतं. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना लागतो. तेवढा महिना कळ काढायची. रासायनिक औषधच काय, कडुलिंबाच्या अर्काची फवारणीसुद्धा या झाडांवर करायची नाही.

बारा महिन्यांचं ताट

पानाची सोय झाली की मग फुलं. इथं एकच नियम ठेवायचा, वर्षातला एकही महिना रिकामा जाऊ द्यायचा नाही. पावसाळा संपताना, सप्टेंबर ते नोव्हेंबरात फुलपाखरं सगळ्यात जास्त असतात, आणि तेव्हा रानातही फुलं भरपूर असतात. ओढ असते ती फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत. नेमक्या याच काळात बरेचसे पक्षी घरटी करतात.

म्हणून उन्हाळ्यातली झाडं आधी निवडा. शेवगा जानेवारीपासून फुलतो. शेंगा आपल्याला, मध शिंजिराला आणि भुंग्याला. काटेसावर, पांगारा, पळस हे फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल-केशरी होतात. या एकेका झाडावर साळुंकी, बुलबुल, पोपट, कोतवाल, शिंजीर अशी सगळी पंगत बसते. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि करंज फुलतात, आणि आपलं राज्यफूल ताम्हणही. कढीपत्त्यालाही याच दिवसांत पांढरी सुवासिक फुलं येतात आणि मग काळी फळं धरतात. ती बुलबुलांना फार आवडतात.

बहावा, पळस, काटेसावर ही मोठी झाडं दारात मावणार नाहीत. ती गावाच्या जागेत, शाळेच्या आवारात, गावकीच्या बांधावर लावायची. त्यासाठी गटानं ग्रामपंचायतीत ठराव मांडावा.

दारात किंवा कुंपणाला जवळजवळ बाराही महिने फुलणारी झाडं म्हणजे जास्वंद, कण्हेर, सदाफुली, आणि रोपवाटिकेत इक्झोरा नावानं मिळणारं लाल गुच्छांचं झाड. जास्वंद एकेरी पाकळ्यांची घ्या. गेंदेदार फुलात पाकळ्यांची इतकी गर्दी असते की मधापर्यंत चोच पोहोचत नाही. झेंडूचंही तसंच, गावठी एकेरी झेंडू बरा. शेळ्या सुटतात म्हणून कुंपण टिकत नाही, अशी तक्रार असेल तर निर्गुडी आणि अडुळसा लावा. शेळ्या त्यांना सहसा तोंड लावत नाहीत, आणि दोन्हींच्या फुलांवर माश्या-भुंगे येतात. पावसाळ्याच्या शेवटी झिनियाचं आणि कॉसमॉसचं बी टाकलं, तर दिवाळीपर्यंत फुलं येतात. बी घरचंच धरता येतं, दर वर्षी विकत घ्यायला नको. अंगणाच्या कडेला आपोआप उगवणारी एकदांडी सगळीच उपटू नका. तिच्या पिवळ्या-पांढऱ्या बटणाएवढ्या फुलावर किती फुलपाखरं बसतात ते एकदा सकाळी दहा वाजता मोजून बघा.

काय लावू नये, कुठे लावू नये

घाणेरीवर फुलपाखरं फार येतात, हे खरं. तरी ती लावू नका. ही परदेशातून शोभेसाठी आणलेली आणि मग रानभर पसरलेली वनस्पती. पाखरं तिची फळं खातात आणि बी सगळीकडे पसरतं. जिथं ती माजते तिथं गवत आणि आपली झुडपं उगवत नाहीत, आणि तिचा पाला पोटात गेला तर गुरं आजारी पडतात. ती काढायची असेल तर आधी शेजारी निर्गुडी, इक्झोरा लावून घ्या. ती फुलायला लागली की मग घाणेरी काढा, म्हणजे फुलपाखरांच्या तोंडचा घास जाणार नाही.

बोगनवेल उन्हाला खमकी आहे, रंगही झकास. पण ते रंगीत कागद म्हणजे फूल नव्हे. खरं फूल आत असतं, पांढरं, इवलंसं. शोभेला हवी तर लावा, पण तिच्यावर पाखरांची पंगत बसेल अशी आशा नको.

आणि हे नीट लक्षात ठेवा. कण्हेर आणि रुई विषारी आहेत, सदाफुलीचा पालाही जनावराला खाऊ घालायचा नाही, आणि एरंडाच्या बिया मुलांच्या हाताला लागता कामा नयेत. ही झाडं गोठ्यापासून आणि अंगणवाडीपासून लांब लावा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. तोडताना पोरांना जवळ येऊ देऊ नका, आणि काम झाल्यावर हात साबणानं धुवा.

लावायचं कधी, जगवायचं कसं?

ठाणे जिल्ह्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिने पाणी आभाळातून फुकट मिळतं. झाडाला मुळं धरायला तेवढे महिने पुरतात. म्हणून मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की लागवड करायची, फेब्रुवारी-मार्चात नाही. मे महिन्यात हातभर खोल खड्डे घेऊन ठेवा. त्यात पालापाचोळा आणि कुजलेलं शेणखत घाला.

रोपांना पैसेही फारसे लागत नाहीत. पांगारा, जास्वंद, कण्हेर, निर्गुडी, अडुळसा हे फांदी टोचून येतात. पानफुटीचं पान मातीवर ठेवलं तरी कडेनं रोपं फुटतात. कढीपत्त्याचं ताजं बी टाका, नाहीतर जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेली पिल्लं काढून लावा. बहावा-करंजाची रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत अल्प दरात मिळतात.

पहिल्या उन्हाळ्यात मात्र रोपाला थोडी मदत लागते. त्यासाठी तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी पुरतं. रोपाच्या बुडाशी भाताचा पेंढा किंवा पाला चार बोटं जाड पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका. फुटका, झिरपणारा माठ असेल तर तो रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरा, त्यात पाणी भरा आणि वर झाकण ठेवा. पाणी हळूहळू मुळाशी झिरपत राहतं, उन्हानं उडत नाही. पाणी घालायचं ते संध्याकाळी.

चाळीत, इमारतीत राहणाऱ्या मैत्रिणींनी तेलाच्या डब्यात कढीपत्ता, पानफुटी, सदाफुली लावावी. डब्याला खाली भोकं पाडा. पत्रा उन्हात तापून मुळं भाजतात, म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळा किंवा चुना लावा.

पाखरांसाठी मातीची उथळ परळ सावलीत ठेवा, आणि त्यात दोन-चार खडे टाका म्हणजे माश्याही कडेला बसून पाणी पिऊ शकतील. पण पाणी रोज बदला आणि परळ घासा, नाहीतर त्यात डासांची पैदास होईल. ते उरलेलं पाणी रोपाला घाला. तिथली माती ओली राहिली की फुलपाखरं तिच्यावर बसून क्षार शोषून घेतात, तेही बघायला मिळेल.

ओवळ्याची वाडी आणि आपला गट

हे सगळं खरंच होतं का, असं कुणाला वाटत असेल, तर तिनं ठाण्याला घोडबंदर रोडवर ओवळे गावात जाऊन यावं. तिथं ओवळेकर वाडी आहे. राजेंद्र ओवळेकर या शाळेत खेळ शिकवणाऱ्या शिक्षकांनी घरच्या जमिनीत अळ्यांसाठी पानांची झाडं आणि फुलपाखरांसाठी मधाची झाडं लावली. तिथं जाळी नाही, पिंजरा नाही. फुलपाखरं आपणहून येतात. शंभराहून जास्त जाती तिथं नोंदल्या गेल्या आहेत. एका बाजूला इमारतींचे टॉवर उठत असताना, योग्य पान लावलं म्हणून हे झालं. गटाची सहल काढायची असेल तर देवदर्शनासोबत हेही एक ठिकाण ठेवा.

त्यात आपल्यासाठी कामाचीही एक वाट आहे. ठाण्या-डोंबिवलीच्या सोसायट्यांना, शाळांना हल्ली बागेत फुलपाखरं हवी असतात. पानफुटी, कढीपत्ता, चित्रक, कृष्णकमळ, निर्गुडी ही रोपं मोठ्या रोपवाटिकांत शोधावी लागतात, आणि आपल्या कुंपणाला ती फुकट वाढतात. गटातल्या पाचजणींनी पावसाळ्याच्या तोंडावर दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत प्रत्येकी वीस फांद्या टोचल्या तर शंभर रोपं होतात. प्रत्येक रोपासोबत एक चिठ्ठी द्या, त्यावर या पानावर कोणतं फुलपाखरू वाढतं आणि फवारणी का करायची नाही ते लिहा. अशी चिठ्ठी रोपासोबत मिळाली की गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्याकडेच येईल.

येत्या बैठकीसाठी एवढं करा. आपल्या अंगणात आणि कुंपणाला आज कोणती झाडं आहेत त्याची यादी करून आणा. प्रत्येक झाडापुढे तीन गोष्टी लिहा. याचं पान कोण खातं? याचं फूल कोणत्या महिन्यात येतं? याला उन्हाळ्यात पाणी लागतं का? सगळ्या याद्या एकत्र केल्या की आपल्या गावात कोणता महिना रिकामा आहे ते दिसेल. त्या महिन्याचं झाड आधी लावायचं. बहुतेक गावांत तो महिना एप्रिल किंवा मे निघेल, आणि त्याचं उत्तर बहुधा बांधावरच उभं असेल.